केवळाबाईच्या गॅसवरचा चहा

मी जिलानी मिस्त्री, औश्याचा. विटा-सिमेंटची कामं सगळेच करतात, मी गोबरगॅस बांधायचो. जमिनीत खड्डा, त्यात गोल टाकी, वर विटांचा घुमट. घुमटाला बारीक चीर राहिली तरी गॅस निसटतो, म्हणून आतला गिलावा मी सोता उतरून करायचो, गड्यावर सोडायचो न्हाई. त्या काळी सरकारचं अनुदान होतं, गावोगावचं बोलावणं यायचं. आता त्यातले बहुतेक बंद पडलेत. कुणी टाकीत कचरा लोटून राहिलंय, कुणी बुजवून वर शेड मारलंय. परवा औश्यात एक पोरगा मला इचारतो, "चाचा, गोबरगॅस म्हणजे काय?" डोस्कंच फिरलं माझं. म्हणलं, अरे, तुझ्या मायनं तुला दूध कशावर तापवून पाजलं ते तिलाच इचार जा.

तर त्या सगळ्यांतला एक अजून पेटतो. केवळाबाईचा. मुरुडच्या अलीकडं एक फाटा लागतो, तिथून आत. गावाचं नाव सांगत न्हाई. सांगितलं तर तिथले लोक माझ्या दारात भांडायला येतील. भांडायची हौस मला अजून हाय, पण गुडघे साथ देत न्हाईत.

केवळाबाईचा मालक सटवाजीभाऊ. चांगला शेतकरी माणूस. दावणीला दोन बैल, तीन म्हशी, दोन गाया. घरात येणारी-खाणारी तोंडं लई, म्हणून मी टाकी मोठी धरली. टाकी पहिल्यांदा भरायची म्हणजे शेण थोडंथोडकं लागत न्हाई, सगळ्या गल्लीनं आपापल्या गोठ्यातलं आणून ओतलं. मग गॅस धरायची वाट. केवळाबाई रोज इचारायची, "जिलानीभाई, कवा पेटंल हो?" ज्या दिवशी कॉक फिरवून काडी लावली आणि निळा जाळ फुलला, त्या दिवशी ही बाई रडली. चुलीच्या धुरानं जिंदगीभर रडलेली बाई, धूर गेला म्हणून रडायला लागली. आणि रडता रडताच तिनं शेण दिलेल्या एकूण एक घराला बोलावून चहा पाजला.

फायदा लई होता, खोटं कशाला बोलू. भांडी काळी होईनात. सरपणासाठी रानोमाळ फिरणं गेलं. टाकीतनं बाहेर पडणारी स्लरी शेतात टाकली की पीक बघत राहावं. पण माझी सवय हाय, मी गिऱ्हाइकाला आधी तोटा सांगतो. गोबरगॅस म्हणजे दावणीला आणखी एक जनावर बांधलं समजा. त्याला रोज चारायचं. शेण कालवा, पाणी घाला, ढवळा. सणाला सुट्टी न्हाई, घरात मयत झालं तरी सुट्टी न्हाई. थंडीत ते रुसतं, गॅस निम्म्यावर येतो. पाइपात पाणी साचतं, शेगडी गंजते. इतकं करायची तयारी असंल तर बांधा, न्हाईतर मला उगं बदनाम करू नका.

केवळाबाईची तयारी होती. तिनं त्या टाकीला एक दिवस उपाशी ठेवलं न्हाई. आणि तिच्या दारावरनं बिगरचहाचं कुणी जाऊन दाखवावं! डाकवाला, तलाठी, ऊसतोडीचे लोक, मी, सगळ्यांना तिचा एकच दम, "बसा की जरा, गॅस तर घरचाच हाय." सटवाजीभाऊच्या ओसरीवर सांजच्याला पाय ठेवायला जागा नसायची. भाव, राजकारण, कुणाची पोरगी कुठं दिली, सगळं तिथं व्हायचं. आत केवळाबाई कपावर कप भरून राहिलेली.

मग ते दुष्काळाचं साल आलं, लातूरला रेल्वेनं पाणी आणलं ते. माणसाला प्यायला न्हाई तर शेण कशात कालवणार? जनावरं छावणीला गेली आणि तिकडूनच विकली गेली. टाकी वाळली, घुमट तडकला. पाऊस झाल्यावर मी परत दुरुस्त करून दिला, पण दावण काही परत भरली न्हाई. शेताला ट्रॅक्टर आला, बैल कशाला? पोरगा हरिओम पुण्याला कंपनीत लागला, सून तनुजा त्याच्यासंगं गेली. आणि मागल्या साली मिरगाच्या आधी सटवाजीभाऊ गेला. बसल्या बसल्या गेला, त्याच ओसरीवर. राहिली केवळाबाई, एक गाय आणि ती एवढी मोठी टाकी.

आता बघा, एका गाईच्या शेणात एका माणसाचं भागतं. तसं पाहिलं तर तिला कमी काहीच न्हवतं. पण एकटीपुरतं रांधायचंच न्हवतं तिला, तिथंच घोडं अडलं.

एक दिवस फोन आला. "जिलानीभाई, गॅस फुलत न्हाई हो. चार माणसाचा चहा ठेवला की आधण यायच्या आत जाळ बसतो. कुणाला बस म्हणायची चोरी झाली."

गेलो. ओसरीवरच्या बाजेवर मांजर झोपलेलं, दुसरं कुणी न्हाई. मला ते बघून कसंतरी झालं. पाइपातलं पाणी काढलं, कॉक बघितला, घुमटाला साबणाचं पाणी लावून बघितलं. सगळं ठीक. म्हणलं, "वैनी, दुखणं काही न्हाई. शेण कमी हाय."

"ते मलाबी कळतंय," केवळाबाई म्हणली. "गॅस न्हाई म्हणून कुणी येत न्हाई बघा. आल्या माणसाला घोटभर चहा मिळायचा न्हाई, कामून येतील लोक?"

मी डोस्कं खाजवलं. तिच्या अंगणात बोअर हाय, उन्हाळ्यातबी आटत न्हाई. त्यामुळं शेजारच्या तीन घरच्या बायका सकाळी तिच्याच संडासला यायच्या, आपापल्या घरी संडास असून. पाणी कोण वाहून नेणार? मी म्हणलं, "वैनी, संडास टाकीला जोडू का? लई ठिकाणी जोडतात."

"अगं बाई! त्याचा गॅस होतो?"

"शेणाचा होतो, मग त्याचा का न्हाई?"

"वास?"

"जळताना वास न्हाई. संडासात फिनेल, ॲसिड तेवढं टाकायचं न्हाई. टाकीतले गॅस करणारे जंतू मरतात, मग गॅसच होत न्हाई."

तिनं आवाज बारीक केला. "आन् ईटाळ?"

"जाळाला कसला ईटाळ, वैनी?"

पटलं तिला. मी चर खणला, पाइप टाकला, जोडून दिला. थोड्या दिवसांत जाळ असा फुलला की केवळाबाईनं मला फोनवर त्याचा आवाज ऐकवला. "ऐका, ऐका, भर्रर्र करून राहिलाय!" आणि लगेच भज्याचा बेत. शेजारची गुणाबाई, पलीकडची जगदेवी, आणि कामगिरी माझी म्हणून मलाबी बोलावणं.

कांदाभजी. गरमगरम. पहिला घाणा उतरला, गुणाबाईनं भजं तोंडात टाकलं आणि म्हणली, "गॅस लई फुलला गं तुझा. दुसरी गाय घेतलीस का काय?"

केवळाबाई खुशीत. कढईतनं मान वर न करता म्हणली, "गाय कशाला? संडास जोडून घेतला. तुम्ही सगळ्याजणी येता की सकाळी, तुमचंबी हाय त्यात!"

खुदा की कसम, तिला वाटलं ती आभार मानून राहिलीय. ज्यांनी पहिल्यांदा शेण ओतलं त्यांना चहा पाजला होता, आता यांना भजी. इतकं साधं होतं तिच्या मनात. पण गुणाबाईच्या तोंडात ते भजं तसंच थांबलं. गिळावं का थुंकावं! शेवटी पदर तोंडाला लावून मोरीकडं पळाली. जगदेवीनं हातातलं भजं हळूच ताटलीत ठेवलं आणि "पोरगं रडून राहिलं असंल" म्हणत उठली. तिचं पोरगं बारावीला होतं. मी एकटा बसलो आणि रागानं सगळी भजी खाल्ली. दोन दिवस पोट धरून होतो, ते तेलानं, गॅसनं न्हाई.

तिथून पुढं त्या गावातल्या लोकांना काय भक्ती सुटली! सोमवार गुणाबाईचा उपास, गुरुवार जगदेवीचा, शुक्रवार आणखी कुणाचा. उपासाला चहा चालतो म्हणावं तर डॉक्टरनं साखर बंद केलेली. कुणी "आत्ताच घेतला" म्हणायचं, कुणी लांबूनच हात करून जायचं. संडासला येणंबी बंद झालं. गुणाबाई गावात सांगत फिरली, "आमच्या जिवावर ती सैपाक करती!" मग काय, शेण एका गाईचं आणि संडास एका बाईचा. एका माणसाच्यानं होऊन होऊन किती गॅस होणार? जाळ होता तिथंच परत आला. गॅसबी गेला आणि माणसंबी.

मी म्हणलं, "वैनी, काढून टाकू का पाइप?"

"राहू द्या," ती हसून म्हणली. "लोक काय, आज न उद्या इसरतील. नवीन चीज हाय म्हणून घाबरलेत."

घरी मी बेगमबीला, म्हणजे माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. तर तिनं तौबा तौबा करून माझा चहाचा कपच बाजूला ठेवला! आता दुसऱ्याला काय बोलायचं? खरं सांगतो, केवळाबाईकडं पहिला घोट घेताना मीबी कप जरा तोंडाशी धरून राहिलो होतो. मीच बांधलेला गॅस, मीच जोडलेला पाइप, तरी. मन लई बेइमान असतं.

पण त्या दयानंदला मी सोडलं न्हाई. दयानंद म्हणजे तिच्या बांधाला बांध असलेला शेतकरी. रोज बादल्या भरभरून तिच्या टाकीची स्लरी उसाला न्यायचा. नेताना ओसरीकडं बघायचाबी न्हाई. एक दिवस फाट्यावरच्या हॉटेलात गाठला. म्हणलं, "काय रे, स्लरी चालती आन् चहा चालत न्हाई?"

"जिलानीभाई, ते उसाला जातंय."

"आन् ऊस कुठं जातो? साखर होऊन तुझ्याच कपात येतो का न्हाई?"

हॉटेल सगळं हसलं. दयानंद अर्धा कप तसाच टाकून उठला. मला लई बरं वाटलं. पण त्यानं केवळाबाईच्या ओसरीवर एक माणूस वाढला का? न्हाई.

होता होता सटवाजीभाऊचं वर्षश्राद्ध जवळ आलं. आता मात्र केवळाबाईच्या तोंडावरचं हसू गेलं. चहाला न्हाई आले तर एक वेळ चालतं. वर्षश्राद्धाचं पान मांडायचं आणि गावानं पाठ फिरवायची, हे तिला झेपणारं न्हवतं. "एवढ्या लोकांना खाऊ घातलेला माणूस," ती म्हणली, "आन् त्याच्या नावाचं जेवायला कुणी न्हाई? मालकाला काय वाटंल, जिलानीभाई?" आणि पदरात तोंड घालून रडली. मला तिची लई कणव आली आणि गावाची लई चीड आली.

हरिओम पुण्याहून आला तो तापूनच आला. कुणीतरी फोन करून सांगितलेलं. "आई, गावात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस तू!" मग माझ्याकडं वळला. "चाचा, तुम्ही तरी तिला सांगायचं."

"सांगायचं काय? मीच जोडलाय."

"मग तुम्हीच तोडा."

पोरगं वाईट न्हाई. त्याचं बघा, बाप गेलेला, आई एकटी, आणि गाव हसून राहिलेलं. तनुजानं येतानाच मुरुडहून सिलिंडर आणि चकचकीत शेगडी आणली होती, सासूच्या हातात रेग्युलेटर देऊन दोन-दोनदा शिकवलं. मी चर उकरला, पाइप तोडला, संडासला वेगळा शोषखड्डा करून दिला. हरिओम घरोघर जाऊन सांगून आला, पाइप काढलाय, सैपाक सगळा सिलिंडरवर हाय, जेवायला या.

आणि आले की हो! सगळे आले. पंगतीवर पंगत उठली. गव्हाची खीर, पुरी, कढी, भजी. गुणाबाईनं खीर दोनदा मागून घेतली. दयानंदनं सगळ्यांत जास्त भजी खाल्ली, मी मोजायला बसलो न्हाई, पण बघत होतो. केवळाबाई सुनेच्या हातातलं भांडं ओढून घेऊन सोता वाढत होती. "घे की गं, अजून घे, लाजू नको." एका वर्षात एवढा आवाज तिच्या तोंडातनं मी ऐकला न्हवता. मध्येच माझ्यापाशी आली, घामानं चिंब, आणि म्हणली, "बघितलंत का? मी म्हणत न्हवते? नुसता त्या गॅसचाच अडथळा होता."

हरिओम म्हणला, आता पुण्याला चल. ती म्हणली, "आता कशाला? आता येतील की लोक."

त्यानंतर माझं तिकडं जाणं झालं न्हाई. गोबरगॅसचं काम निघत न्हाई म्हणून मी बिलोलीकडं एका शाळेच्या बांधकामावर गेलो होतो. पोळा गेला, गणपती गेले, दसरा झाला. मग एकदा मुरुडला काम निघालं तवा वाट वाकडी करून तिच्याकडं गेलो. मनात म्हणलं, आता ओसरीवर आपल्याला जागा मिळती का न्हाई काय की.

ओसरी मोकळी. केवळाबाई उंबऱ्यात बसून शेंगा फोडून राहिलेली. मला बघून धडपडत उठली. आत नेलं आणि सिलिंडर धरून हलवून दाखवला. "हा बघा. तनुजानं आणलेला पहिलाच हाय. संपतच न्हाई."

मी इचारलं, "कुणी येत न्हाई?"

"आधी वाटलं, पेरणीचे दिवस हायेत. मग म्हणलं, गौरी-गणपती हायेत, बाया कामात असतील. मग सोयाबीन काढणी. काढणीबी झाली." ती शेंगांचं सूप उगंच हलवत राहिली. "गुणाबाईला कसली काढणी? भिंतीपल्याड टीव्हीपुढं बसलेली असती. मला टीव्ही ऐकू येतो."

"वैनी, आपण बोलावायचं एखाद्या वेळी."

"बोलावलं की. येते म्हणती. उपास न्हाई, साखर बंद न्हाई, काहीच न्हाई. चांगलं हसून येते म्हणती आन् येत न्हाई." सूप खाली ठेवून म्हणली, "लोक मालकाकडं यायचे, जिलानीभाई. चहा मी करायची, म्हणून मला वाटायचं माझ्याकडं येतात."

माझं डोस्कं तापलं की मला माणूस लागतो समोर, ज्याला झापता येईल असा. इथं कुणाला झापू? कुणी काही वाईट केलेलंच न्हवतं. मी म्हणलं, "पुण्याला जा वैनी. पोराकडं ऱ्हावा."

"जाऊन आले की पंधरवडाभर. दोघं सकाळी कामाला जातात. तिथंबी एकटीच. इथं निदान गाय तरी हाय." मग एकदम म्हणली, "तुमचं फावडं संगं हाय का?"

"हाय गाडीला. का?"

"तो पाइप परत जोडून द्या."

मला वाटलं बाईचं डोस्कं फिरलं. "अहो वैनी, आता तर गल्लीतल्या बायकाबी येत न्हाईत संडासला. तुमच्या एकटीच्यानं गॅस काय वाढणार हाय? आन् उद्या कुणाच्या मनात आलं असतं यायचं, तेबी येणार न्हाई."

"गॅसचं कोण बोलून राहिलंय?" केवळाबाई म्हणली. "पाइप होता तवा मला म्हणता यायचं की त्याच्यामुळं येत न्हाईत. आता मी काय म्हणू?"

लई माणसांनी मला लई कामं सांगितली, असलं काम कुणी सांगितलं न्हवतं. मी गाडीवरचं फावडं काढलं आणि चर उकरायला लागलो. ती बाजूला उभी राहून माती ओढत होती.

फावड्याचा आवाज ऐकून गुणाबाई भिंतीवरनं डोकावली. "काय गं, काय खणून राहिलात?"

केवळाबाई कमरेवर हात देऊन उभी राहिली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणली, "संडास जोडून घेतेय परत! गॅस पुरत न्हाई मला!"

"अगं बाई बाई बाई!" गुणाबाई पदर नाकाला लावून आत गेली. सांजच्यापर्यंत गावभर होणार, हे केवळाबाईला ठाऊक होतं आणि मलाबी.

केवळाबाई माझ्याकडं वळली. हात झटकले. "झालं," म्हणली. "उद्यापासून वाट बघायचं काम न्हाई."